हुपरीचं परडं

पाऊस थांबला की लोकांना घरामागचं परडं आठवतं. चार महिने तिकडं कुणी फिरकलेलं नसतं. नवरात्राआधी घर धुऊन होतं, गोधड्या वाळतात, पितळी भांडी घासून होतात. मग दसरा जातो, दिवाळीचे पाहुणे डोळ्यांपुढं दिसायला लागतात, आणि घरमालक एके सकाळी मागचं दार उघडतो. समोर कमरेएवढं गवत, त्यात पडलेला पाला, पाल्याखाली काय आहे देव जाणे. तो दार परत लावून घेतो. त्यानंतर मला फोन यायचा.

मी मूळची मुरगूडची. शेतात भांगलण करतच वाढले, म्हणजे पिकातलं तण खुरप्यानं काढत. लग्न होऊन कोल्हापुरात आले, तेव्हा शहराच्या कडेला नवे बंगले होत होते. तिथल्या एका बाईंचं परडं मी सहज हाताशी वेळ होता म्हणून साफ करून दिलं. त्यांच्या शेजारणीनं कुंपणावरून बघितलं आणि तिथून जे सुरू झालं ते गुडघे थांबवेपर्यंत चाललं. या कामाला धड नाव नाही. माळीण म्हणावं तर आम्ही काही लावत नव्हतो. झाडलोट म्हणावं तर घरात पाऊल टाकत नव्हतो. लोक 'परडंवाल्या बायका' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, विळा घ्यायचा आणि कापत सुटायचं. तसं नसतं. पहिलं हत्यार म्हणजे काठी. परड्यात शिरण्याआधी काठी जमिनीवर आपटत सगळीकडं हिंडायचं, म्हणजे पाल्यात घोणस पडलेली असेल तर ती वाट काढते. मग विळा. गवत बी टाकायच्या आत कापलं तर पुढच्या वर्षी निम्मं उगवतं. चार दिवस उशीर झाला तर आपणच पेरणी केल्यासारखं. मुळासकट काढायचं त्याला खुरपं. पाला गोळा करायला दंताळं, पण दोन प्रकारचं. मातीत लोखंडी दातांचं, आणि हिरवळीवर बांबूचं, नाहीतर पाल्याबरोबर हिरवळही हातात येते. शेवटी खराटा. कोरा खराटा काही कामाचा नसतो. थोडा झिजला, काड्यांची टोकं बोथट झाली, की तो मातीला न ओरबाडता वरचं तेवढं घेतो. आणि कचरा कधी उचलायचा नाही, ओढायचा. जुन्या साड्या दुहेरी शिवून आम्ही मोठी चादर केली होती. तिच्यावर ढीग घालायचा आणि दोघींनी दोन टोकं धरून ओढत न्यायचं. कंबर वाचवायचं माझं सगळ्यात चांगलं हत्यार तेच.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची भेटली. एका निवृत्त साहेबांच्या मुलानं त्यांना परदेशातून पाला उडवायचं यंत्र पाठवलं होतं. आम्ही झाडून ढीग केला की साहेब गळ्यात ते अडकवून यायचे आणि "तुम्ही बसा, मी करतो" म्हणत तोच ढीग पुन्हा परडंभर करायचे. त्यांचा आनंद बघून आम्ही काही बोलायचो नाही. ते चहाला आत गेले की परत झाडायचो.

पण कुणी मला या कामातली एकच गोष्ट सांगायला लावली, तर मी हुपरीची सांगते.

तेव्हा आम्ही तिघी होतो. मी, हौसामावशी आणि मंगल. हौसामावशी आमच्यात वयानं मोठी, डावरी, तिचं खुरपं लोहाराकडून मुद्दाम उलट्या धारेचं करून घेतलेलं. ते दुसऱ्या कुणाच्या हातात चालायचं नाही, म्हणून कधी हरवायचं नाही. मंगल आमच्यात लहान, पण दोन मुलांची आई. बारावी झालेली. घर बौद्ध, तिच्या आजीच्या पिढीनं धम्म घेतलेला. बोलायला कमी आणि हाताला झपाटा असा की तिच्या मागं दंताळं ओढणाऱ्याची दमछाक व्हायची.

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घराघरात पैंजणं घडतात. त्यातल्याच एका घरातून फोन आला. मुलीचा साखरपुडा होता, मांडव परड्यात घालायचा होता. हत्यारं पोत्यात बांधून आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो.

घर तीन माणसांच्या जिवावर चाललेलं. महादेवआण्णा कारखाना बघायचे, त्यांची बायको सविता घर बघायची, आणि आण्णांची आई, जिला सगळे आव्वा म्हणत, ती दोघांना बघायची. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या दोन खोल्या, पाचसहा पोरं कामाला. त्या खोल्यांचं दार परड्यात उघडत होतं.

आण्णांनी आम्हाला गेटातच थांबवलं. "एक आधी सांगून ठेवतो," ते म्हणाले. "ह्या परड्यातली काडीबी गेटाभाईर जाता कामा न्हाय. पाला एका अंगाला, माती एका अंगाला. पुढचं आमी बघतो."

मला हे नवीन होतं. बाकी ठिकाणी कचरा कधी एकदा जातो असं लोकांना झालेलं असतं. मग हौसामावशीनं सांगितलं. चांदी घासताना, कापताना तिची धूळ उडते. पोरांच्या पायाला, कपड्यांना लागून ती परड्यात येते. असल्या घरातली माती विकत घेऊन, धुऊन, त्यातली चांदी काढणारे लोक असतात. म्हणजे आम्ही दिवसभर जे झाडणार होतो तो कचरा नव्हताच.

काम मला आवडलं. मोठं परडं, मागं केळीचं बेट, एका कडेला आंबा आणि रामफळ. मी पट्टे पाडून दिले आणि प्रत्येक पट्ट्याचा ढीग वेगळा ठेवायला सांगितलं. माझी ती सवयच होती. कुठला पाला कुठून आला हे कळलं की कुजवायचा कुठला आणि टाकायचा कुठला हे कळतं. संध्याकाळपर्यंत सगळं गवत पडलं, केळीखालचा पाला ओढून झाला, ढीग नीट लागले. आम्ही साडीवर घातलेले पुरुषी शर्ट काढणार, एवढ्यात आण्णांनी एक घमेलं आणून गेटाशी ठेवलं. त्यात पाणी होतं.

"ह्याच्यात पाय धुवा, शर्ट आन पदर झाडा, मग जावा."

हौसामावशी पुढं होती. तिनं पाय बुडवलेसुद्धा. पाणी कोमट होतं, दिवसभर राबलेल्या पायांना बरंच वाटलं. तिच्या मागं मंगल उभी होती. ती हलली नाही.

"कशापायी?" तिनं विचारलं.

"चांदीची धूळ लागून जाती अंगाला."

"म्हंजे मी घिऊन जाईन म्हणून."

"तसं कोण म्हणलं? हितला नेम हाय त्यो. कारखान्यातली पोरंबी करत्यात."

"तुमी करतासा?"

आण्णा जरा हसले. "मी कशाला करू? माझीच चांदी हाय की."

"मग वैनी भाईर जाताना पदर झाडत्यात?"

आण्णांचं हसू गेलं. सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत सरकली. कारखान्यातली पोरं काम थांबवून बघायला लागली.

मंगलनं आवाज चढवला नाही. "मला काम सांगा, दिवस मावळंपर्यंत करतो," ती म्हणाली. "पण कुणाच्या सांगण्यावरनं मी पदर झाडणार न्हाय. माझ्या आज्जीला गावात लोक लांबनं पाणी घालत हुते. तिनं ते बंद केलं. तिच्या नातीनं असलं काय परत चालू करायचं न्हाय."

ती घमेल्याला वळसा घालून गेटाबाहेर गेली. आण्णा माझ्याकडं बघत होते. मुकादम मी, तेव्हा माझ्या बाईला मीच समजवावं असं त्यांना वाटत असणार. मी हत्यारांचं पोतं उचललं आणि तिच्या मागून, तिच्यासारखीच, पाय न धुता बाहेर पडले. मागून आव्वाचा आवाज आला, "जाऊ दे रं म्हाद्या, उद्या बघू."

एसटीत मंगल खिडकीतून बाहेर बघत बसली होती. "आक्का, तुझं काम गेलं माझ्यामुळं," ती म्हणाली.

"गेलं तर गेलं," मी म्हणाले. "दिवाळीपर्यंत परड्यांना तोटा न्हाय." हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले नव्हते. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. हातात काम असलं की माणूस असं बोलू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीही गेलो, कारण काम अर्धं होतं आणि मला कोणी येऊ नका म्हणालं नव्हतं. गेटातून आत शिरलो तर आण्णा, कारखान्यातली सगळी पोरं आणि आव्वा परड्यातच उभी. सविता दाराला टेकून.

"घुंगराची एक पुरचुंडी गावंना," आण्णा म्हणाले. पैंजणाला लावायचे चांदीचे घुंगरू होते, दिवाळीच्या मालातले. परवा होते, आता नाहीत. "सगळा कारखाना पालथा घातला. काल पदर न झाडता कोण गेलं?"

"मी गेले," मी म्हणाले. "आणि मंगल गेली. दोघींचं नाव घ्या."

पण त्यांचे डोळे माझ्याकडं नव्हतेच. तिथल्या एकाचेही नव्हते. एक पोरगं दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोललं. काय बोललं ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती.

मंगलचं तोंड उतरलं. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि गेटाकडं वळली. मी तिचा हात धरला. आयुष्यात इतक्या घाईनं मी कुणाला काही सांगितलं नसेल. "मंगल, आत्ता गेलीस तर हे लोक जन्मभर तेच म्हणणार. कालपासनं हितनं काडी भाईर गेलेली न्हाय. त्यांचाच नेम हाय. जे हरवलंय ते परड्यात पडलं असंल तर आपल्या ढिगात हाय, नसंल तर त्यांच्या घरात हाय. काहीबी झालं तरी ते दिसलं पायजे."

तिनं पिशवी उतरवून आंब्याच्या फांदीला अडकवली.

"चाळण आण," ती म्हणाली.

आण्णा म्हणाले, पोरं लावतो, तुम्ही नको. मंगलनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. आव्वानं काठी आपटली आणि म्हणाली, "त्यास्नीच करू दे. आन तुमी सगळे हितंच बसा, बघत."

मग परडं साफ करण्याच्या उलटं काम सुरू झालं. आदल्या दिवशी जे गोळा केलं होतं ते आम्ही एकेक ढीग करून पसरत गेलो. साड्यांची चादर अंथरली. हौसामावशी दंताळ्यानं ढीग मोकळा करून चादरीवर घ्यायची, मी वाळू चाळायची मोठी चाळण धरायचे आणि मंगल पाला हातानं उलटापालटा करत चाळणीवर टाकायची. माती खाली पडायची, पाला वर राहायचा. आंब्याखालचा ढीग झाला, काही नाही. कुंपणाकडचा झाला, दोन फुटक्या बांगड्या आणि एक चमचा. ऊन चढत गेलं. पोरं आधी आपापसांत बोलत होती, मग गप्प झाली. आण्णा खुर्चीवरून उठून फेऱ्या घालायला लागले. कोणी जेवायला उठलं नाही.

केळीखालचा ढीग आम्ही शेवटी घेतला, कारण तो ओला आणि चिकट होता. त्यात पाल्याबरोबर रिठ्याच्या टरफलांचे गोळे होते. चांदी घडवून झाली की रिठ्याच्या पाण्यात धुतात, तेव्हा ती उजळते. ते पाणी मग झाडाला ओततात. मंगलनं त्यातला एक गोळा चाळणीवर टाकला, हलवला, आणि थांबली. टरफलांमध्ये एक गाठोडं होतं, पेरूएवढं. मलमलचं फडकं, रिठ्यानं तपकिरी झालेलं. टरफलासारखंच दिसत होतं. नुसता खराटा फिरवला असता तर कचरा म्हणूनच गेलं असतं.

तिनं ते उचललं नाही. "आव्वा, हिकडं या," तिनं हाक मारली. "आण्णा, तुमीबी. आन ती पोरंबी येऊ द्यात."

सगळे भोवती जमले. मंगलनं चाळणीतच गाठ सोडली. फडकं उघडलं आणि आतले घुंगरू उन्हात चमकले.

काय झालं होतं ते सगळ्यांना एकदम कळलं. पुरचुंडी रिठ्याच्या पाण्यात धुवायला घातली होती. ती तळाशी राहिली आणि पाण्याबरोबर केळीला ओतली गेली. आणि त्या घरात रिठ्याचं पाणी केळीला ओतायचं काम एकाच माणसाचं होतं. सविताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पदराचं टोक हातात गच्च धरलं होतं.

आण्णा तिच्याकडं वळले. सकाळपासून त्यांच्या आत जे साठलं होतं ते आता तिच्यावर पडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मधे मंगल उभी राहिली.

"आण्णा, आता वैनीवर नको," ती म्हणाली. "सकाळपासनं एकीवर झालं तेवढं बास झालं."

आण्णा खाली बसले, चाळणीशेजारी, मातीतच. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्या माणसाला हा शब्द नवा होता, तोंडात नीट बसत नव्हता.

"मला एकटीला नको," मंगल म्हणाली. "ज्यांच्या देखत माझ्याकडं बघितलासा, त्यांच्या देखत म्हणा."

पोरं तिथंच होती. आण्णांनी मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र जेवलो, उशिरा, परड्यातच, आंब्याच्या सावलीत. सवितानं वाढलं. मंगल म्हणाली, "वैनी, ठेचा लई झणझणीत झालाय, थोडं दही घाला की." सविता दही आणायला आत गेली ती डोळे पुसूनच बाहेर आली.

संध्याकाळी निघताना घमेलं गेटाशी होतंच. आण्णा म्हणाले, "तुमी जावा, तुमाला नको ते." मंगल थांबली. "मला नको आन पोरास्नी हवं, असं कसं?" ती म्हणाली. "नेम असंल तर सगळ्यांना, नसंल तर कुणालाच न्हाय." आव्वा मागच्या पायरीवरून ऐकत होती. ती काठी टेकत आली, पायातली चप्पल काढली आणि पहिला पाय तिनं घमेल्यात टाकला. तिच्या मागं आण्णा. मग मंगल. मी शेवटी होते. तोवर पाण्याचा नुसता चिखल झाला होता.

तिसऱ्या दिवशी काम पुरं झालं. त्या परड्यात मांडव पडला, साखरपुडा झाला. आम्हाला बोलावणं होतं, पण आम्ही तेव्हा दुसऱ्या परड्यात होतो. आव्वा आता नाही. सविता अजून मंगलला फोन करते. काय बोलतात ते मी विचारत नाही.

माझ्या गुडघ्यांनी काही वर्षांपूर्वी दगा दिला. हौसामावशी त्याआधीच घरी बसली. मला एकच राहून गेल्यासारखं वाटतं. पेट्रोलवरचा ग्रास कटर आला तेव्हा मी त्याला नाक मुरडलं आणि शिकले नाही. मंगल शिकली. आज तिच्या हाताखाली पाच बायका आहेत, दोन मशीन आहेत, आणि मशीनवर कुठल्या जागी नायलॉनची तार लावायची न् कुठं लोखंडी पातं, हे ती जमीन बघून सांगते.

यंदा दसऱ्यानंतर तिनं जयसिंगपूरला एक मोठं काम घेतलं आणि मला बरोबर नेलं, नुसती बसायला. बंगल्याच्या बाईंनी माझ्यासाठी खुर्ची मांडली. माझे पांढरे केस बघून त्यांना मीच मुकादम वाटले. कधी सुरू करताय, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी मंगलकडं बोट दाखवलं.

ती काठी आपटत सगळं परडं फिरून आली. एका कोपऱ्यात घाणेरीचं झुडूप होतं, त्याच्याजवळ वाकून तिनं बराच वेळ बघितलं. मग घरमालकांना म्हणाली, "साहेब, ह्या झुडपात वटवट्या पाखराचं घरटं हाय. आत पिल्लं हायत. तेवढं झुडूप दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ द्यायचं."

"अहो, पण घरी पाहुणे येणार आहेत," साहेब म्हणाले. "कोपऱ्यात तेवढंच झुडूप कसं दिसेल?"

"येऊ द्यात की," मंगल म्हणाली. "त्यास्नी सांगा, हे पावणं आधी आल्यात."

साहेबांची बायको हसली. तोवर मंगलनं तोंडावरची जाळी खाली ओढली होती आणि परड्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या झुडपापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब, मशीनची दोरी खेचली होती.